अकरावे चित्र

पालघर
६ नोव्हेंबर १९६६

सुलू,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तू तो घेशील याची खात्री नाही आणि उगाच शाई घालवायची मला सवय नाही.

पावणेआठ वर्षांनी लिहीत आहे. पत्ता तुझ्या प्रदर्शनाच्या छापील यादीवरून मिळाला; मागच्या पानावर दादरचा आहे. गेल्या महिन्यात फोर्टातल्या त्या कलादालनात तुझी बारा चित्रे लागली होती, ती मी पाहून आले. तू मला पाहिले नसशील. गर्दी होती. चित्रे चांगली आहेत. काही ठिकाणी रंग गरजेपेक्षा जास्त झाला आहे, पण हात स्थिर आहे.

आता कामाचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या वाचनालयाचे पाहते. आमच्याकडे जमना म्हणून एक तरुण शिक्षिका येते. तिने वर्तमानपत्रात वाचले की मुंबईत हल्ली प्रदर्शनातल्या चित्रांवरून लोक कविता, लेख लिहितात आणि एका संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. पालघरात असे का होऊ नये, असे तिने मला विचारले. मी म्हटले, होऊ दे, आणि तुझी यादी तिच्यापुढे ठेवली. शनिवार ३ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. चित्रकर्ती माझी धाकटी बहीण आहे, हे मी सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

सगळ्यांनी एकेक चित्र वाटून घेतले. अकरावे मी घेतले. त्याचे नाव तू 'सुकती' ठेवले आहेस. ते माझ्याविषयी आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. त्यावर मी लिहिले आहे आणि मी ते वाचणार आहे. तू यावेस, ते ऐकावेस आणि मग तुला जे म्हणायचे असेल ते माझ्या तोंडावर म्हणावेस. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, बाकी साहित्य वगैरे जमनासाठी.

तू म्हणशील, अक्काने स्वतःच घराबाहेर काढले आणि आता बोलावते. काढले, हे खरे. तारापूरच्या घरी तात्यांच्या शेवटच्या घटकेला मी उशाशी बसून त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते आणि तू दोन दिवस पायथ्याशी कागद घेऊन त्यांचे हात काढत बसली होतीस. मरणाऱ्या बापाचे चित्र काढणारी मुलगी मी पाहिली नव्हती. ते कागद मी बंबात घातले. दहाव्यापर्यंतही तुला ठेवून घेतले नाही. तेव्हा मला ते बरोबर वाटले होते. आज काय वाटते ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

सकाळच्या गाडीने आलीस तर जेवायला वेळेवर पोचशील. सातपाटीची लाडकी अजून दारावर मासळी घेऊन येते. पापलेट सांगून ठेवले आहे.

अक्का


पालघर
२० नोव्हेंबर १९६६

सुलू,

तुझे उत्तर नाही. पत्र पोचले असे धरून चालते, कारण परत आलेले नाही.

तयारी चालू आहे. यादी इंग्रजीत आहे आणि चित्रांची मराठी नावे रोमन अक्षरांत छापली आहेत, त्यामुळे इथे रोज भांडणे होतात. आमचा ग्रंथपाल पंढरीनाथ, त्याला दहावे चित्र दिले. 'भरती'. काल त्याने चार पाने आणून दिली. बोईसरला कामगारांची भरती चालू आहे, तिथल्या रांगेवर कविता. डोंगरातून आलेला भिका, दांडीचा देवू, सगळे रांगेत, उन्हातले टेबल, साहेबाचा शिक्का. शेवटी भिकाला घेत नाहीत.

मी म्हटले, "पंढरी, समुद्राकाठी जन्मलास आणि भरती म्हणजे नोकरीची रांग?"

"बाई, माझ्या धाकट्या भावाला विचारा," तो म्हणाला, "त्याला भरती म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. सहा वेळा उभा राहिलाय."

"चित्रकर्ती तारापूरची आहे. ही पाण्याची भरती आहे. पुन्हा लिही."

"तुम्ही पाहिलंय, म्हणजे असेलच पाण्याची," असे म्हणून पाने घेऊन गेला. बदलून काही आणलेली नाहीत.

जमनाचे सहावे चित्र. रोमन अक्षरांत जे, ए, एल. ती म्हणाली, "बाई, हे जल, जाळ, की जाळं? तुम्ही पाहिलंत ना, काय आहे त्यात?" मी सांगितले, जाळे. कोळ्यांचे. तिने कोळ्याच्या जाळ्यावर एक बरा लेख लिहिला आहे, थोडा गोड झाला आहे. अकराव्याबद्दलही तिची शंका होती. "हे सूक्ती नसेल? संस्कृत, सु-उक्ती?" मी म्हटले, "नाही. सुकती. सुकते म्हणायचे ते आपल्याकडच्या बोलीत सुकती. एक बाई आहे, ती सुकत चालली आहे." जमनाने विचारले, "चित्रात बाई कशी आहे?"

मी म्हटले, "उभी आहे. उंच. हात रिकामे."

लाडकी पायरीवर मासळी निवडत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिला मी या कार्यक्रमाला बोलावले आहे. ती हसली. "आमाला काय समजल त्यातला? तुमी वाचाल, आमी कोलंबी सोलाला बसल्यासारख्या बसू." तरी येते म्हणाली. तुझी आठवण काढते. "सुलूबाय येनार हाय काय गो?" असे आल्याआल्या विचारते. मी काही ठरलेले नाही असे सांगते.

माझे लिहून झाले आहे. चार वेळा खोडून लिहिले. मला लिहायला असा त्रास कधी होत नाही. एकोणीसशे चौतीस साली बी. ए. झाले तेव्हापासून अर्ज, अहवाल, भाषणे, शोकसभेचे ठराव, सगळे एका बैठकीत लिहीत आले. हे चार वेळा.

तारीख पुन्हा लिहिते. शनिवार, ३ डिसेंबर, पाच वाजता.

अक्का


पालघर
४ डिसेंबर १९६६

सुलू,

तू आली नाहीस.

कार्यक्रम झाला, त्याचा अहवाल देते. अहवाल द्यायची सवय आहे म्हणून देते.

पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली होती. पंढरीने तिच्यावर टोपी ठेवली, ती उचलायला लावली. भिंतीवर बारा पांढरे कागद लावले होते, चित्रे लागली असती त्या उंचीवर. प्रत्येकावर क्रमांक आणि नाव, पंढरीच्या अक्षरात. त्याचे अक्षर सुरेख आहे. चित्रे नसतील तर कागद लावू, ही कल्पना जमनाची. मला बरी वाटली होती. प्रत्यक्षात आत शिरले की शोकसभेला आल्यासारखे वाटत होते. वीस-बावीस माणसे आली. त्यांतली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणजे यावेच लागले म्हणून आलेली.

जमनाने वाचले. टाळ्या झाल्या. दोघांनी कविता वाचल्या, त्यांची नावे लिहीत नाही. मग पंढरी उठला आणि त्याने तीच नोकरीची कविता वाचली, एक शब्दही न बदलता. खाली त्याचा भाऊ बसला होता. शिक्का उशापाशी घेऊन झोपलेला साहेब, अशी एक ओळ आहे, तिला सगळे हसले, आणि भिकाला घेत नाहीत तिथे कोणी हसले नाही. कविता वाईट नव्हती. हे मी त्याला सांगितलेले नाही.

पाच पन्नासला माझी पाळी आली. तुझ्या खुर्चीकडे न बघता वाचले. मी काय लिहिले होते ते तुला कळले पाहिजे, म्हणून थोडक्यात देते. एक बाई आहे. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी बहीण अकरा दिवसांची. तिने लग्न केले नाही, शाळा केली. बहिणीला वाढवले, तिचे केस विंचरले, तिची वाक्ये सुधारली. सुधारणे हेच तिचे प्रेम करणे होते आणि बहिणीला ते कधी कळले नाही, आणि बाईला कळले की बहिणीला कळत नाही, तरी तिने सुधारणे सोडले नाही. एके दिवशी तिने बहिणीला घराबाहेर काढले. त्या दिवसापासून ती सुकत आहे. बहिणीने तिचे तसे चित्र काढले, ते योग्यच केले. शेवटचे वाक्य होते, 'माझी चूक झाली.' ते मी वाचले, सुलू. वीस-बावीस माणसांपुढे. माझ्या आयुष्यात मी हे वाक्य उच्चारलेले नाही, हे तुला माहीत आहे.

कोणी टाळी वाजवली नाही. मागून लाडकीचा आवाज आला. ती जिन्यापाशी बसली होती, मासळीची पाटी बाहेर ठेवून.

"बाय, रागाव नको. पन सुकती म्हंजे बाई सुकते ती नाय गो. सुकती म्हंजे पानी जातां ती. भरती न् सुकती. तो दहावा, हा अकरावा. जोरी हाय ती."

सगळे भिंतीकडे बघू लागले. दहा, भरती. अकरा, सुकती. शेजारी शेजारी, पंढरीच्या सुरेख अक्षरात. मागे कोणीतरी हसले, आणि मग सगळेच. वाईट हेतूने नाही. चूक उघड होती, शाळेतल्या पोरालाही कळावी अशी.

पंढरी उभा राहिला. "बाई, माझी भरती तुम्ही सुधारलीत, मग ही कशी राहिली?" तो गमतीने म्हणाला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण तुम्ही चित्र पाहिलंय ना? पाणी आहे का त्यात?"

मी कागदाची घडी केली.

"मी पाहिलेले नाही," मी म्हटले.

"अकरावं?"

"एकही नाही."

हे तुलाही सांगायचे राहिले होते, ते आता सांगते. पहिल्या पत्रात लिहिले ते खोटे आहे. मी फोर्टात गेले, दालनाच्या पायऱ्या चढले. काचेच्या दारातून तू दिसलीस. केस कापले आहेस. पाच-सहा माणसांच्या मध्ये उभी होतीस आणि हसत होतीस, मान मागे टाकून, तात्या हसायचे तशी. माझ्या घरात तू अशी कधी हसली नव्हतीस. दारावरच्या माणसाने विचारले, "किससे मिलना है?" मी म्हटले, "कोणाला नाही." त्याने यादी हातात दिली, मी ती घेऊन खाली उतरले. रंग जास्त झाला आहे वगैरे मी मनाने लिहिले.

लाडकी माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. वाटेत म्हणाली, "आमच्यांत म्हनतात, मानूस सुकतीला जातां. भरतीला कोन जात नाय. तात्या कवा गेले?"

पौष वद्य सप्तमी, सकाळी साडेनऊ, मी सांगितले.

तिने बोटांवर मोजले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तुला तात्यांनी शिकवले होते, मला कोणी शिकवले नाही. "सात. पाऊनपट सव्वापाच. सव्वापाचला खारी भरली. साडेनवला निम्मी उतरली आसंल." तिने पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "मंग सुलूबायनी तात्यांचांच चित्र काढलां. दुसऱ्या कोनाचा नाय."

हा शब्द मला ठाऊक होता. तात्यांच्या तोंडी रोज असे. तू दुसरीत असताना निबंधात लिहिले होतेस, 'सुकती लागली की चिंबोऱ्या दिसतात.' मी तो शब्द खोडला आणि 'ओहोटी' पन्नास वेळा लिहायला लावले. चांगल्या घरातल्या मुलीने कोळणीसारखे लिहू नये, म्हणून.

मला एकच विचारायचे आहे. चित्रात खाट असेल तर उशाशी मी आहे का? आणि कशी आहे? वाईट दिसत असेन तरी चालेल. चित्र अजून तुझ्याकडे असेल तर मी येऊन पाहीन. या वेळी आत येईन. तू त्या वेळी घरात असलेच पाहिजे असे नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवलीस तरी पुरे.

अक्का


पालघर
१८ डिसेंबर १९६६

सुलू,

तुझे पोस्टकार्ड गुरुवारी मिळाले. पोस्टकार्डावर लिहिलेस, त्यामुळे ते पोस्टमनने वाचले आणि मला देताना माझ्याकडे पाहिले नाही. मी त्याला चौथीत शिकवले आहे.

तुझ्याच शब्दांत उतरवून ठेवते, म्हणजे माझ्याकडून फरक व्हायला नको. 'अकरा नंबर विकले गेले. घेणारा परदेशी होता, पत्ता माझ्याकडे नाही. त्यात खाट आहे, खिडकी आहे, खिडकीत उतरलेली खाडी आहे. तू त्यात नाहीस. कुठल्याच चित्रात तुला काढायचा मी कधी विचार केला नाही. पत्रे पाठवू नयेस. सुलभा.'

व्याकरणाची एकही चूक नाही.

हे पत्र शेवटचे. एक दुरुस्ती राहून गेली आहे म्हणून लिहिते. कोणी दुरुस्ती मागितलेली नाही.

तात्या गेले तेव्हा मी उशाशी नव्हते. चमच्याने पाणी घालत होते असे मी सगळ्या नातेवाइकांना सांगितले, तेराव्याला सांगितले, इतक्या वेळा सांगितले की तुलाच लिहिताना मला अडखळायलाही झाले नाही. तू तिथे होतीस. तुला खरे ठाऊक असताना मी तुलाच ते लिहिले. पहिल्या पत्रातली ती ओळ वाचून तू काय म्हणाली असशील याचा विचार मी काल दिवसभर केला.

मी तुझे कागद हिसकावले, परसात गेले आणि बंबात घालू लागले. कागद जाड होता, पेटेना. फुंकणी घेतली. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. तात्यांचा आवाज आला. दोन दिवस ते बोलले नव्हते.

"सुले, सुकती लागली काय गो?"

"लागली, तात्या," तू म्हणालीस.

मी ऐकले. मला उठून आत जाता आले असते. दहा पावले असतील. माझ्या मनात आले, बापाच्या मरणाच्या वेळीही ही सुकती म्हणते. आणि मी फुंकत राहिले, कारण अजून चार कागद राहिले होते. आत आले तेव्हा तू त्यांचे डोळे मिटत होतीस. त्यानंतर मी तुला काय बोलले ते तुला आठवत असेल.

तेव्हा चित्र बरोबर आहे. त्यात मी नाही, कारण मी तिथे नव्हते. तरीही यादीत तो शब्द पाहिला तेव्हा मला तात्या आठवले नाहीत, मीच आठवले. त्यांचा शेवटचा शब्द मी ऐकला होता आणि तो स्वतःवर ओढून घेऊन त्यावर अडीच पाने लिहिली.

वाचनालयात भिंतीवरचे कागद अजून तसेच आहेत. पंढरी काढू का विचारतो, मी राहू दे म्हणते. पुढच्या महिन्यात मी वाचनालयाचे काम जमनाकडे देणार आहे. तिला ते माझ्यापेक्षा चांगले जमेल. तिला एखादी गोष्ट माहीत नसली तर ती विचारते. लाडकी तू येण्याबद्दल आता विचारत नाही. मासळी ठेवते आणि जाते.

तुझ्या वह्या शोधल्या. काढलेले काही सापडले नाही, सापडणार कसे. दुसरीतली ती वही मात्र आहे. 'ओहोटी' मी मोजून पाहिले. एकोणपन्नास वेळा आहे. मी तेव्हा तपासून सही केली आहे.

यादी माझ्याकडेच आहे. सहावे चित्र, जे, ए, एल. जमनाला मी जाळे सांगितले होते. जाळे नसेल. जलही नसेल. कुठल्याच चित्रात मी नाही असे तू लिहिलेस, म्हणजे नसेन. नुसता जाळ असेल, एक बंब आणि कागद, आणि फुंकणारे कोणी नाही.

तेही विकले गेले का, हे विचारायचे होते. विचारत नाही.

नर्मदा